पंधरा दिवस

दादाने बाबांची बाही कोपरापर्यंत सरकवली होती आणि मनगटाच्या वरच्या निळ्या-जांभळ्या डागाकडे तो पाहत राहिला होता. चार बोटे आणि एक अंगठा. कोणाचा हात, हे विचारायची गरज नव्हती. या घरात बाबांखेरीज त्यांच्या मुलीचेच काय ते दोन हात. बाबा स्वतःच्या हाताकडे कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूकडे पाहावे तसे पाहत होते.

"हे काय आहे?" दादाने अखेर विचारले.

"गॅलरीच्या कठड्यावर पाय टाकला होता त्यांनी. कारखान्याचा भोंगा झाला म्हणे. कामावर निघाले होते. ओढलं मी."

"जरा हळू ओढता येतं ना."

तिसऱ्या मजल्यावरून खाली निघालेल्या माणसाला हळू कसे ओढतात, हे तिला ठाऊक नव्हते. दादाला ठाऊक असावे. तो चार महिन्यांनी आला होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांचा वास येत नाही.

तिने फक्त पंधरा दिवस मागितले होते. पोटातली गाठ काढायची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा फाईल मिटून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता ती तुमच्या सोयीनं थांबणार नाही." सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचे होते. तेवढे दिवस दादाने बाबांना न्यावे, नाहीतर इथे येऊन राहावे. आज तो हो म्हणायला येतो आहे असे धरून ती पहाटेपासून राबली होती. बाबांची दाढी केली. दोनदा कपडे बदलले. चादरी धुतल्या, भिंतीवरचे नको ते डाग खरवडले, खिडक्या उघडून वास घालवला. आल्यागेल्यापुढे घराची लाज झाकायची, हे तिच्या हाडांत मुरले होते. आता इस्त्रीच्या सदऱ्यात बाबा सत्कारमूर्तीसारखे बसले होते, आणि आपल्या बाजूचा सगळा पुरावा तिने स्वतःच्या हाताने साबण लावून धुऊन टाकला होता. उरला होता एकच डाग. तो नेमका तिच्याविरुद्धचा.

"तसे ठणठणीत दिसतायत की," दादा म्हणाला. "तू फोनवर सांगतेस तसं मला तरी काही दिसत नाही."

"दोन दिवस राहा. दिसेल."

"राहिलो असतो गं. पण तुझ्या वहिनीची कंबर धरलीय, ऑफिसात ऑडिट चालू आहे. आणि तिकडे न्यावं तर जागा नवी, बिचकतील ते. त्यांना तुझी सवय आहे. तुझ्याशिवाय करमत नाही त्यांना."

"मी कोण हेच त्यांना माहीत नाही, दादा. करमायचं कुठून?"

"बघ. हाच सूर असतो तुझा. मग हात उठतो."

तिच्या आत काहीतरी उकळत वर आले आणि दातांपाशी थांबले. एरवी ते तिथूनच परत फिरत असे. आज फिरले नाही.

"मी मारते त्यांना?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलंस. बाही वर केलीस तेव्हाच म्हटलंस. सहा वर्षांत आज पहिल्यांदा तू बाबांच्या अंगाला हात लावलास, आणि तोही तपासायला!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! सहा वर्षं तेच तर ऐकतायत. तू सोडून सगळे ऐकतायत!"

"साहेब."

दोघेही थबकले. बाबा उठून उभे राहिले होते. त्यांनी बाही स्वतःच खाली ओढली, बटण लावायचा दोनदा प्रयत्न केला, सोडून दिला. एकतीस वर्षे ते कारखान्यात बॉयलरवर फोरमन होते. तिथला नियम एकच. दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही, आणि तो दुसरा माणूस आणायची जबाबदारी साहेबाची.

"आवाज चढवू नका साहेब. बाई कामाची आहे."

"बाबा, अहो मी साहेब नाही. तुमचा मुलगा."

"असाल. आधी माझं ऐका." त्यांचा आवाज कित्येक महिन्यांत इतका सरळ उभा राहिला नव्हता. "ही एकटी किती दिवस आहे बॉयलरवर, कोणी बघितलंय? मी बघतो. सकाळी हीच. संध्याकाळी हीच. जेवते तीसुद्धा उभ्यानं. पोट दाबून चालते, विचारलं तर काही नाही म्हणते. माणूस आहे साहेब, चाक नाही. बॉयलर उगाच फुटत नसतो. आधी तिथला माणूस थकतो."

ती भिंतीला टेकली. त्या डोळ्यांत आपण कुठेच नाही, असे ती सहा वर्षे धरून चालली होती.

बाबा पुढे झाले. दादाच्या खिशातले पेन त्यांनी हक्काने काढून घेतले, टेबलावरचे वर्तमानपत्र ओढले आणि त्याची कोरी कड हाताने साफ केली.

"उद्यापासून हिच्या जागी कोण? नाव सांगा. लिहून घेतो."

पेनाचे टोक कागदावर टेकून राहिले. दादाने पेन परत मागितले नाही. बूट पायांत सरकवले, नाड्या न बांधताच दार उघडले, आणि जिना उतरून तो निघून गेला.