सात नंबरची खोली

ऐन सीझनमध्ये सात नंबरची खोली परस्पर दिलेली पाहून लॉजमालकाचा चष्मा नाकावर घसरला. समुद्राकडे खिडकी असलेली ती एकच खोली, तिच्यावर लोकांच्या उड्या पडायच्या. स्वतः मालकाला मात्र बावीस उन्हाळ्यांत वाळूपर्यंत जायचीही फुरसत झाली नव्हती.

"अगं, मला न विचारता कुणाला दिलीस?"

"घरचंच जोडपं आहे, चार दिवसांसाठी." कुणीतरी विसरून गेलेली गवती हॅट डोक्यावर चढवून बायको चादरींच्या घड्या घालत होती आणि गालातल्या गालात हसत होती. "पहाटे होडी वल्हवायची, दुपारी कडा चढायचा, एक रात्र वाळूत तंबू ठोकायचा. सगळं ठरलंय. सूनबाईलाही सांगून ठेवलंय."

"हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं! वय काय त्यांचं?"

"तिची पन्नाशी उलटलीय, त्यांची साठी जवळ आलीय."

"आणि या वयात हे खूळ? उद्या काही झालं तर निस्तरणार कोण? पोहता तरी येतं का दोघांना?"

"तिला येतं." बायकोने हॅट काढून त्याच्या टकलावर ठेवली. "तुम्हाला मी शिकवीन."