म्हाताऱ्याची जागा

म्हातारा आजही घराच्या दारातून निघून फलाटावर गेला होता.

कामावरून आलेल्या लेकीने पर्स खाली ठेवली, त्याला दोन बोटांत उचललं आणि पुन्हा दारात नेऊन उभं केलं. बोटाच्या पेराएवढा पुतळा तो. हातात काठी, डोक्यावर टोपी. टेबलभर पसरलेल्या छोट्या रेल्वेच्या गावात अशी तीसेक माणसं होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. ते नुसते बघत राहिले.

बाबांची सगळी नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये गेली. निवृत्तीनंतर त्यांनी हे गाव बांधलं, पण त्यातलं काहीच कायमचं चिकटवलं नाही. झाडांच्या बुंध्यात टाचण्या होत्या, त्या फळीत खोचल्या की झालं. दिव्यांचे खांब नळीच्या तुकड्यांत उभे राहत. माणसांच्या पायांखाली मेणाचा ठिपका. लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिथलं उरलंसुरलं गुलाबी मेण ती डबीतून आणायची. बाबा ते बोटांत मळून मऊ करत आणि बसल्या बसल्या कुणाला दुकानात धाडत, कुणाला पुलावर.

"पक्का चिकटवला की माणूस उभा राहिल्यासारखा दिसत नाही," ते म्हणायचे, "पुरल्यासारखा दिसतो."

मग झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या उमटत. मान हलवायचे, पण हो कुठलं आणि नाही कुठलं, याचा पत्ता लागत नसे. डाव्या हाताची बोटं तेवढी शाबूत राहिली. चाकाच्या खुर्चीतून हात पोचावा म्हणून लेकीने टेबलाचे पाय कापून घेतले. पण बाबांनी दुकानाला, पुलाला पुन्हा हात लावला नाही. रोज दुपारी ते फक्त म्हाताऱ्याला उचलायचे आणि फलाटावर उभ्या गाडीच्या दाराशी नेऊन ठेवायचे. रोज संध्याकाळी ती त्याला घरी आणायची. हात चुकत असेल बिचाऱ्यांचा, असं तिला वाटे.

लॅबमधल्या एका कारागिराने तिला झटक्याच्या आधीच विचारलं होतं. दुसऱ्या शहरात त्याला स्वतःची लॅब टाकायची होती आणि संसारही तिथेच मांडायचा होता. "बाबांना एकटं टाकून कशी येऊ?" तिने फोनवर सांगितलं होतं. बाबा तेव्हा टेबलाशी झाडं खोचत बसले होते. झटक्यानंतरही तो वर्षभर थांबला. मग एकटाच गेला. पुढे त्याच्या लग्नाची पत्रिका लॅबच्या पत्त्यावर आली. ती हातोहात फिरली. तिनेही वाचली आणि पुढच्या टेबलावर दिली.

तिसऱ्या वर्षी दादा आला. चहाचा कप हातात धरूनच त्याने विषय काढला.

"बाबांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू या. तू किती दिवस अशी झिजणार आहेस?"

"हळू बोल. त्यांना सगळं कळतं."

"कळतं ना? मग त्यांनाच विचारू."

"त्यात विचारायचं काय? हे घर सोडून बाबा कुठेही जायचे नाहीत."

तेवढ्यात बाबांचा हात टेबलावर सरकला. त्यांनी म्हाताऱ्याला उचललं. तो वाटेत दोनदा पडला, दोनदा त्यांनी चिमटीत धरला. गाडीच्या दाराशी नेऊन त्यांनी तो अंगठ्याने दाबून बसवला आणि मान वर करून लेकीकडे पाहिलं.

ती त्यांच्या गुडघ्याशी बसली. "घाबरलात होय? मी असेपर्यंत तुम्हाला कुठेही पाठवणार नाही. शब्द देते."

बाबांच्या घशातून काहीतरी घरघरलं. डोळे भरून आले आणि गालावरून पाणी ओघळलं. तिने पदराने ते टिपलं.

"बघितलंस ना?" ती दादाला म्हणाली.

दादाने खाली मान घातली. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

बाबा आणखी तीन वर्षं जगले. शेवटच्या महिन्यात त्यांची बोटंही उचलेनात. म्हातारा घराच्या दारातच राहिला. बाबा आता निवांत झाले, असं वाटून तिला बरं वाटलं.

ते गेल्यावर टेबलाकडे बघवेना. शहरात एक वृद्धाश्रम होता. तिथल्या लोकांचा वेळ तरी जाईल म्हणून तिने सगळं गाव खोक्यांत भरून तिकडे नेलं. आश्रमाच्या बाईंनी वही पुढे केली. तिने देणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे रेल्वेतले का? सिग्नलवाले?"

"हो. तुम्ही ओळखत होतात?"

"एकदाच आले होते. सहा वर्षं झाली असतील. खोली बघितली, खिडकी उघडून बघितली, नाव नोंदवलं. पुढच्या आठवड्यात सामान घेऊन येतो म्हणाले, आणि मग आलेच नाहीत."

लेकीने मनात हिशोब केला. झटका त्याच आठवड्यातला.

"ते इथे कशाला येतील?" ती म्हणाली. "घरी मी होते की."

"मीही तेच विचारलं त्यांना. म्हणाले, पोरीला तिचा संसार मांडायचाय, पण ती आपणहून बोलायची नाही. मीच सांगेन तिला."