रितासाठी गाडी

"आधी ही हलकी गाडी चालू कर," रिता ताराचंदला म्हणाली. "अन् बाबाले जवळ येऊ दे."

ताराचंदने किक मारली. भंडाऱ्याच्या बसस्टँडमागे, पत्र्याच्या शेडसमोर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. सीट काढलेल्या, हलक्या केलेल्या. दगडांवरून, ओंडक्यांवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही, त्या खेळासाठी ताराचंदने त्या तयार केल्या होत्या. शाळेत असताना रिता हा खेळ खेळायची. दादाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्वतः बांधलेल्या गाडीवर, कारध्याच्या नदीपात्रातल्या खडकांवर. मग लग्न, लाखांदूरच्या बँकेतली नोकरी. आता चाळिशीला टेकल्यावर तिला पुन्हा गाडीवर उभं राहावंसं वाटत होतं.

दोन गाड्यांपैकी एक हलकी होती, पण झटके द्यायची. दुसरी जड होती, पण सावकाश, न बिचकता चढायची. रिताचं ठरत नव्हतं. म्हणून आज ती दादाजींना रिक्षात बसवून, कारध्याहून पूल ओलांडून, गाडी निवडायला घेऊन आली होती. निदान ताराचंदला तिने तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे दिवाळीपासून दादाजींनी तिला नावाने हाक मारली नव्हती. घरात वावरणारी ही कोण बाई, असं ते तिच्याकडे बघायचे. इंजिनचा आवाज कानावर पडला तर काही हलेल, असं तिला वाटलं होतं.

आणि हललंच. दादाजींनी मान तिरपी केली. मग ते हलक्या गाडीजवळ उकिडवे बसले.

"पेचकस दे," ते ताराचंदला म्हणाले. "हवा जास्त ओढून राहिली."

त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवला. इंजिनची धडधड एकसारखी झाली. ताराचंद रिताकडे बघून हसला. रिताने तोंडावर पदर धरला.

दादाजींनी दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली. क्लच दाबून पाहिले. मग पेचकस परत दिला.

"दोन्ही नाही चालत. तिचे पाय नाही पुरत."

"कोणाचे, बाबा?"

"माह्या रिताचे." त्यांनी हात कमरेशी धरून उंची दाखवली. "एवढीशी तं हाये."

"बाबा, मीच रिता."

दादाजी तिच्याकडे बघत राहिले. मग परक्या माणसासाठी हसावं तसे हसले. "तुमचं नाव बी रिताच का? बरं हाये."

ताराचंद मान खाली घालून हात पुसू लागला. रिताने पदर कमरेला खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या.

"जड गाडी दे."

"ताई, साडीवर? अन् पायात बूटबी नाही..."

"दे म्हटलं ना!"

आवारात बाभळीचा एक ओंडका आडवा पडला होता. रिताने गाडी त्याच्या समोर आणली, दोन्ही पाय पायदानांवर ठेवले आणि उभी राहिली. गाडी जागच्या जागी डुलली. शरीराला सगळं आठवत होतं. क्लचवर एक बोट, नजर ओंडक्याच्या पलीकडे.

"बाबा, पाहा!" ती ओरडली.

दादाजी पाहत होते. ते दोन पावलं पुढेही आले. त्यांचे ओठ हलत होते, हात हवेत क्लच सोडत होता.

पुढचं चाक ओंडक्यावर चढलं. रिताने अंग पुढे टाकलं, मागचं चाक उचललं गेलं. गाडी वर आली, अर्धी पलीकडे गेली आणि डावीकडे कलली. रिताने तिला सावरायला कंबर फिरवली. पण कंबर आता शाळेतल्या पोरीची नव्हती. तिचा डावा पाय मातीत टेकला.

इंजिन बंद पडलं.

"टेकला पाय," दादाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "असू द्या, बाई. पहिल्या वेळी होते असं. माही पोरगी नाही टेकवत."

रिता गाडी धरून तशीच उभी राहिली. ताराचंद धावत आला आणि त्याने गाडी तिच्या हातातून घेतली. दादाजी शेडखालच्या फळीवर जाऊन बसले होते.

"चला बाबा, घरी जाऊ."

"तुमी जा. मी कसा येऊ? पोरगी शाळेतून येऊन राहिली. मी नाही दिसलो तं घाबरन ना ती."

"बाबा..."

"अन् गाडी तिच्या मापानंच घ्या लागन. तिले येऊ द्या."

ताराचंद हळूच म्हणाला, "ताई, मंग कोणती ठेवू तुमच्यासाठी?"

"कोणतीच नोको."

तिने चपला घातल्या. रिक्षावाल्याने बाहेरून हॉर्न दिला, तेव्हा तिने हातानेच त्याला जायला सांगितलं. रिक्षा निघून गेली. ती फळीजवळ आली.

"मी बसू का इथं? ती येतपर्यंत?"

दादाजी लगबगीने सरकले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी शेजारची धूळ झटकली.

"बसा ना," ते फाटकाकडे बघत म्हणाले. "तुमी तिले पाहिल्याबरोबर ओळखान. तोंड माह्यावानीच हाये तिचं."