नीसमधली एकादशी

सुनेने लॅपटॉपवर फ्रान्सचा निळाशार किनारा दाखवला, तशा कुमुदताई भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आल्या.

“अगं, नीसच्या चार दिवसांत एकादशी येतेय. तीस वर्षांत माझी एकही एकादशी कीर्तन ऐकल्याशिवाय गेली नाही. तुम्ही दोघं या जाऊन.”

“दोघांनाच जायचं असतं तर तुमचा व्हिसा कशाला काढला असता, आई? तिथं बुवा मिळणार नाहीत, हे खरं. मग तुम्हीच करा कीर्तन. स्वयंपाक करताना अख्खं आख्यान गाता आणि कुकरच्या शिट्ट्या विसरता.”

“मी आपली ऐकणारी. आपल्या देवळात कितीदा वाटलं, एकदा उभं राहावं. पण सगळे ओळखीचे. चुकलं म्हणजे?”

“नीसला ऐकायला आम्ही दोघं आणि समोर समुद्र. तो काही चुका काढायचा नाही.”

कुमुदताईंनी चष्मा लावून हॉटेलच्या खोलीचे फोटो नीट पाहिले.

“ही बाल्कनी,” त्या हळूच म्हणाल्या, “अभंग म्हणताना दोन पावलं पुढे, दोन मागे होता येईल एवढी आहे का, विचार बरं त्यांना.”