करंगळी

"हेलिकॉप्टरचा दांडा दगडासारखा घट्ट झाला, काकू. पण हवेत थांबवायला गेलो नाही, धावपट्टीवर घसरत उतरवलं. सगळे वाचलो," पायलट मिहीर सांगत होता.

विभावरीबाईंचा मुलगा नचिकेत असाच एकदा, दांडा हलका ठेवणारी हायड्रॉलिक्स यंत्रणा बंद पडल्यावर, हेलिकॉप्टर हवेत थांबवायला गेला, आणि कोसळला. त्याच्या हातांची नोंदली गेलेली ती शेवटची झटापट आता प्रशिक्षणाच्या हातमोज्यांत भरलेली होती; ते घालणाऱ्याची बोटं तशीच हलवत. प्रत्येक नवा पायलट ते घालून त्याची चूक स्वतःच्या बोटांनी शिके.

त्यांनी चहा दिला. मिहीरने कप उचलला, तशी त्याची करंगळी ताठ वर झाली.

"करंगळी खाली! शाळेत आहेस का?" अशीच करंगळी वर करणाऱ्या लेकाला ओरडायच्या तशाच त्या ओरडल्या.

मिहीर ओशाळला. "हातमोजे घातल्यापासून आमची सगळ्यांचीच अशी वर होते, काकू."

विभावरीबाईंनी ती करंगळी हलकेच मुठीत धरली.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "वरच असू दे."