लाइव्हमधल्या सासूबाई

हेमांगीने फोन स्टँडवर लावला आणि लाइव्ह सुरू केलं. घरचं मेतकूट विकायला ती रोज बोलायची. सुरुवातीला कुणी फिरकलंही नाही. लोक थांबू लागले ते सासूबाई मागून तिला टाकून बोलल्या त्या दिवसापासून.

आज सासूबाईंनी चिमूटभर चाखलं. “छान झालंय गं,” म्हणाल्या.

बघणारे भराभर कमी होऊ लागले. स्क्रीनवर ओळी सरकल्या.

*आज मजा नाही.*

*सासू बदलली का?*

“आई, बोल की तिला काहीतरी,” नवरा कुजबुजला.

“काय बोलू? पोरीने चांगलं केलंय.”

हेमांगीने माइकवर हात ठेवला. “आई, माझ्या बाबांच्या दारूवरून बोला,” ती म्हणाली. “मागे बोललात, तेव्हा सगळी पाकिटं संपली होती.”