पातळ छेद

मुलीच्या मावशीने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण न उघडताच हात मागे घेतला.

"हेच खाल्लंय तिने. चार वर्षांची आहे हो. खेळातल्या पातेल्यात भाजी केली होती पोरींनी. बाकीच्यांनी खोटं खोटं खाल्लं, आमचीने खरं."

वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी झाकण काढलं. आत हिरवा चुरा होता. एखाद्या सुगरणीने चिरावा तसा बारीक, आणि रस्सा म्हणून वर शाम्पू ओतलेला.

सकाळी सोसायटीच्या माळ्याने कुंपणाची छाटणी केली होती. कुंपणाला कण्हेर होती आणि बॉटलब्रशही. दोन्हींची पानं लांबट, अरुंद. ढीग एकच घातला होता आणि तो कचऱ्याच्या गाडीतून गेलाही होता. खाल्लेलं बॉटलब्रश असेल, तर उलट्या शाम्पूच्या. पोर संध्याकाळी घरी. कण्हेर असेल, तर विष हृदयावर जाणार. त्यावरचा उतारा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात होता, मोजक्या कुप्या, आणि नक्की नाव कळल्याशिवाय ते लोक सोडायला तयार नव्हते.

"ठोके मंद होतायत, मॅडम," डॉक्टर फोनवर म्हणाले होते. "मला फक्त नाव द्या."

बाईंनी भिंग लावलं. चीक धुऊन गेला होता. वास होता तो शाम्पूचा. शिरांवरून ओळखावं, तर नखाएवढा तुकडाही अखंड नव्हता.

चारशे बारा जातींच्या गवतांवर बाईंचा जाडजूड ग्रंथ होता. फुलाशिवाय नाव सांगायचं नाही, हा त्यांचा नेम उभ्या विद्यापीठाला पाठ होता. नुसती पानं घेऊन आलेल्याला, मग तो कुलगुरूंचा भाऊ का असेना, त्या फुलल्यावर यायला सांगत.

एक वाट होती, पहिल्या वर्षाच्या मुलींनाही ठाऊक असलेली. कण्हेरीच्या पानाचा आडवा पातळ छेद घेतला की खालच्या बाजूला खड्डे दिसतात, आतून केसांनी भरलेले. बॉटलब्रशच्या पानात ते नसतात. तांदळाएवढा तुकडा मिळाला तरी पुरतं.

बाईंनी पकड मिळावी म्हणून बटाट्याच्या फोडीला चीर दिली, तुकडा तिच्यात बसवला आणि ब्लेड उचललं. पहिला छेद जाड आला. दुसरा तिरका. तिसऱ्याला तुकडाच निसटून खाली पडला. समोर प्रॅक्टिकलला बसलेल्या मुलींनी माना वर केल्या.

"मॅडम, वेळ..." मावशी म्हणाली.

दाराशी प्रयोगशाळेचे मामा उभे होते. अडतीस वर्षं इथल्या काचा धूत आलेले. ते जागचे हलले नाहीत.

त्याला कारण होतं. बाई याच प्रयोगशाळेत शिकल्या होत्या. शेवटच्या परीक्षेत त्यांचे अकरा छेद वाया गेले, तेव्हा नुकतेच कामाला लागलेले मामा पाणी भरायच्या निमित्ताने आले आणि त्यांच्या बशीत एक छेद सोडून गेले. बाई पहिल्या आल्या. तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. पण बाई शिकवायला लागल्या त्या वर्षापासून नियम झाला: परीक्षेच्या वेळी मामांनी व्हरांड्यात बसायचं. लोक म्हणत, बाई फार कडक. मामा दरवर्षी निमूट स्टूल उचलत.

"मामा," बाई म्हणाल्या, "तुम्ही कापा."

मामांनी बाकांकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर, बाई?"

"सगळ्यांसमोर. मला येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

मामांनी हात सदऱ्याला पुसले, ब्लेड ओलं केलं, फोडीत नवा तुकडा धरला. हात हलल्यासारखा दिसलाही नाही आणि बशीतल्या पाण्यावर पाच-सहा छेद तरंगायला लागले, धड रंगही न उरलेले.

बाईंनी एक ब्रशने उचलून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. खड्डा. केस. शेजारी आणखी एक खड्डा. त्यांनी दुसरा छेद पाहिला, तिसरा पाहिला. मग फोन लावला.

"कण्हेर," त्या म्हणाल्या. "नाही डॉक्टर, बहुतेक वगैरे नाही. कण्हेरच. माझ्या सहीने लिहून देते."

मावशी चिठ्ठी घेऊन धावत सुटली. डबा तसाच राहिला.

दुपारी अडीचला तिचाच फोन आला. औषध चढलं होतं, ठोके सावरत होते. "आणि डोळे उघडून म्हणते काय, तर भाजीत मीठ नव्हतं," असं म्हणून मावशी रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग फोन ठेवला आणि प्रयोगशाळेत येऊन सगळं सांगितलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीला धीर आला. "मॅडम, मग आता आमच्या परीक्षेला मामा आत बसणार का?"

"नाही. तुम्ही शिकायचं." बाईंनी मुलींच्या रांगेतलं एक रिकामं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. "मीही शिकते. निवृत्तीला चार महिने आहेत अजून. मामा, दाखवा, कसं धरायचं ते."

मामांनी त्यांच्यापुढे फोड ठेवली, ब्लेड ओलं करून हातात दिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई, आधी तो श्वास सोडा," ते म्हणाले. "धरून ठेवला की जाड येतो."